आकडा दहाच्या आत

गंगापूर रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक सोडून आम्ही नऊ जण. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो असं सांगायचो, पण खरं तर फार पूर्वी कुणीतरी लिहिलेलं चालू ठेवायचो. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे सातपूरचा एक कारखाना. तिथे गाड्यांचे गिअर आणि पिना भट्टीत तापवून, तेलात विझवून कडक करतात. कुठला जॉब, म्हणजे कुठला माल, कुठल्या भट्टीत किती मिनिटं ठेवायचा, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. ऑपरेटरने जॉबचा नंबर टाकायचा, भट्टीचं दार लावायचं आणि स्क्रीन हिरवी झाली की माल बाहेर काढायचा. एवढंच.

तो प्रोग्राम सुभेदार काकांनी लिहिलेला होता. काका देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर त्यांनी फौजेतच हाताळला होता, बाकीचं स्वतःच्या हिमतीवर शिकले. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची मला मिळाली, आणि पहिली दोन वर्षं मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून. नंतर त्यांनी ही नोकरीही सोडली आणि देवळाली कॅम्पातल्या घरी राहायला लागले.

त्यांच्या प्रोग्राममध्ये एक फंक्शन होतं, म्हणजे एका कामासाठी लिहिलेल्या ओळींचा एक तुकडा. सोळाशे ओळींचं. भट्टीची वेळ ठरवणारं सगळं त्या एकाच ठिकाणी. अमुक भट्टी असेल तर, जॉब पातळ असेल तर, दार मध्ये उघडलं असेल तर, लाईट जाऊन आली असेल तर. जर-तरच्या आत जर-तर. ऑफिसात आम्ही त्याला ‘थोरली’ म्हणायचो. थोरलीला हात लावायची वेळ आली की प्रत्येकाला दुसरं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. मलाही.

मग सातपूरचा कारखाना बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने घेतला, आणि त्यांच्या कॉम्प्युटर खात्याचं पत्र आलं. बाहेरून घेतलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर पुढे सांभाळता येण्याजोगं आहे का, हे ते तपासणार होते. तपासायचं एक टूल होतं. ते कोड वाचतं आणि प्रत्येक फंक्शनला गुंतागुंतीचा आकडा देतं. पद्धत सोपी आहे. सरळ वर-खाली वाचत जाता येईल अशा फंक्शनचा आकडा एक. त्यात एक ‘जर’ आला की वाट फुटते, आकडा एकने वाढतो. जितक्या वाटा तितका आकडा मोठा, आणि जितका आकडा मोठा तितकं ते फंक्शन समजायला आणि बदलायला अवघड. पत्रात लिहिलं होतं, कुठल्याही फंक्शनचा आकडा दहाच्या वर चालणार नाही.

आम्ही टूल लावून पाहिलं. थोरलीचा आकडा आला दोनशे एकोणीस.

आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. तसे शांत माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “सहा आठवडे दिलेत. सगळे आकडे दहाच्या आत आले नाहीत, तर ते आपलं काढून दुसऱ्याचं बसवणार. हे गिऱ्हाईक गेलं की बाकीचे दोन-तीन किती दिवस पुरतील? तू सांग. सुभेदारांचं काम तुझ्याशिवाय कुणाला कळतं?”

मला कळत नव्हतं. पण मी हो म्हणाले.

आकडा खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. थोरली कुणालाच समजत नव्हती, आणि टूलने तेच सांगितलं होतं. मला तर बरंच वाटलं होतं की कुणीतरी एकदाचं हे मोजलं. त्याच आठवड्यात रिपोर्टचा कागद घेऊन मी देवळालीला गेले.

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. “दोनशे एकोणीस,” ते म्हणाले. “मोजलंय म्हणजे बरोबरच असेल.” काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवत राहिला. शेवटी म्हणाले, “बेटा, यातला एकेक जर मी भट्टीपाशी उभं राहून घातलाय. काही आता लागतही नसतील. दोन नंबरची जुनी भट्टी तर त्यांनी भंगारात काढली. तू असं कर, मला पंधरा दिवस दे. आपण दोघं रोज सातपूरला जाऊ. एकेक जर घेऊ, ऑपरेटरशी बोलू, कुठला ठेवायचा कुठला काढायचा ते ठरवू. त्यानंतर तोड.”

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “सहा आठवड्यांतले पंधरा दिवस नुसतं समजून घ्यायला? आणि ते आता आपल्याकडे नोकरीला नाहीत. नव्या मालकांच्या कारखान्यात त्यांना कुठल्या नात्याने नेऊ?”

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता हे तेव्हाही कळत होतं. पण पंधरा दिवस त्या गरम शेडमध्ये उभं राहण्यापेक्षा एसीत बसून तुकडे करणं सोपं वाटलं, हेही खरं आहे.

तुकडे करायला मी सुरुवात केली. थोरलीतल्या वीस ओळी उचलायच्या, त्यांचं वेगळं फंक्शन करायचं, त्याला नाव द्यायचं आणि मूळ जागी फक्त त्या नावाने हाक मारायची. आकडा लगेच उतरतो. दोनशे एकोणीसचा एकशे नव्वद झाला, एकशे चाळीस झाला. रोज संध्याकाळी टूल चालवायचं आणि दहाच्या वरच्या आकड्यांसमोरच्या लाल खुणा किती कमी झाल्या ते बघायचं. त्याची चटक लागली. त्या ओळी काय करतात हे समजून घ्यायला वेळ लागत होता, पण त्या उचलून दुसरीकडे ठेवायला समजावं लागत नव्हतं. सुरुवातीला मी नावं विचार करून दिली. चौथ्या आठवड्यात नावं सुचेनाशी झाली. वेळ-वाढ-एक, वेळ-वाढ-दोन, तपासणी-सात. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, “अगं, बोटांवर काय मोजतेस? भाकरी गार झाली.” मी उरलेली फंक्शनं मोजत होते.

पाचव्या आठवड्यात आकडे अडून बसले. काही ठिकाणी बारा, काही ठिकाणी चौदा. मग मी सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या. मिनिटं वाढवणाऱ्या सगळ्या ओळी एका ठिकाणी, मिनिटांवर मर्यादा घालणाऱ्या सगळ्या दुसऱ्या ठिकाणी. दिसायला फार छान झालं. आकडे नऊ, आठ, सहा.

तपासायचं म्हणून मी कारखान्यातली मागच्या एका महिन्याची नोंद घेतली आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रोग्राममधून चालवली. उत्तरं तंतोतंत जुळली. एका थोरलीची एकशे त्रेचाळीस छोटी फंक्शनं झाली होती, आणि रिपोर्टवर एकही लाल खूण नव्हती. सरांनी खालच्या दुकानातून पेढे मागवले. कारखाना घेतलेल्या कंपनीचं उत्तर आलं, त्यात आमच्या कामाचं कौतुक होतं. मीही पेढा खाल्ला. पण नवा प्रोग्राम मी एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नव्हता. वाचताच येत नव्हता. दर चार ओळींनी दुसरीकडे उडी मारावी लागायची.

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही.

एका दुपारी सपोर्टचा मोबाइल माझ्याकडे होता. तो आम्ही आळीपाळीने सांभाळायचो. दोन-अडीचच्या सुमारास फोन वाजला.

“मॅडम, तीन नंबर भट्टीवरून बोलतोय. लाईट गेल्ती इकडं, घंटाभर. आता आली. पिनांचा लॉट हाय. स्क्रीन लय लवकर हिरवी झाली असं वाटून राहिलं मला. लाईट गेल्यावर जास्त टाईम घेती ती नेहमी.”

मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामात होते. माझ्या स्क्रीनवर तीन नंबर भट्टी उघडून पाहिली. काम पूर्ण, असं दिसत होतं.

“स्क्रीन हिरवी आहे ना?” मी विचारलं.

“हाय.”

“मग काढा माल. काही प्रॉब्लेम नाही.”

“बरं मॅडम,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. एक मिनिटसुद्धा नाही झालं.

त्या पिना मऊ निघाल्या. कारखान्यात तपासायला घेतलेले चार-सहा नग नेमके ठीक होते. त्या पिना घेणाऱ्या कंपनीत जोडणी करताना बाकीच्या झिजायला लागल्या, आणि अख्खा लॉट परत आला. कुणाला इजा झाली नाही, हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय. चौकशी सुरू झाली. प्रोग्रामच्या नोंदीत सगळं नियमाप्रमाणे होतं, आणि प्रोग्राम तर नुकताच तपासून पास झालेला. मग दोष उरला ऑपरेटरचा. लाईट नसताना, नोंद होत नाही तेव्हा, त्याने दार आधीच उघडलं असणार, असं धरलं गेलं. चौकशी पुरी होईपर्यंत त्याला सस्पेंड केलं.

चौकशीत तो म्हणाला होता की मी सॉफ्टवेअरवाल्या मॅडमला फोन करून विचारलं होतं.

सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं, “त्या दिवशी सपोर्टचा फोन कुणाकडे होता?”

“माझ्याकडे,” मी म्हणाले. “पण असा फोन आल्याचं मला आठवत नाही.”

आठवत होतं. त्याचा आवाजसुद्धा आठवत होता. तोंडातून ते वाक्य कसं निघालं, मला सांगता येणार नाही. सर “बरं” म्हणून आत गेले आणि कारखान्याला तसं कळवलं. मी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेले, त्या दिवसाचे कॉल काढले. तो होता. अठ्ठेचाळीस सेकंद. मी तो डिलीट केला. बेसिनचा नळ सोडून किती तरी वेळ उभी राहिले. बाहेरून मैत्रिणीने दार वाजवलं, “बरी आहेस ना गं?”

माझे वडील सातपूरलाच एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचे. मी शाळेत असताना त्यांना एकदा असंच घरी बसवलं होतं, कसल्याशा भांडणावरून, दीड महिना. रोज सकाळी ते दाढी करून, कपडे घालून पलंगावर बसायचे. मला हे सगळं माहीत असताना मी तो कॉल पुसला.

त्या दिवसापासून मी चूक शोधायला लागले. एकशे त्रेचाळीस फंक्शनं. एकेक उघडून पाहिलं तर प्रत्येक बरोबर. कुठे चार ओळी, कुठे सात. एखाद्या नवशिक्यालाही कळेल इतकं सोपं. पण पिनांच्या लॉटचं, लाईट जाऊन आल्यानंतरचं काय होतं, हे बघायचं तर एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात, पाचव्यातून पुन्हा पहिल्यात. चाळिसाव्या उडीला मी कुठून निघाले तेच विसरायचे. मी कागदावर बाण काढले. कागद चिकटवून चिकटवून हॉलमधली सतरंजी भरली. नवरा कडेकडेने चालायचा. नावं मीच दिलेली होती, आणि मला त्यांतून काहीही कळत नव्हतं. वेळ-वाढ-दोन म्हणजे काय? मला काय म्हणायचं होतं तेव्हा?

चूक सापडेपर्यंत ती तिथेच होती, सातपूरला, सगळ्या भट्ट्यांवर. पुन्हा लाईट गेली तर पुन्हा मऊ माल निघणार. कारखान्याला सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागणार. ऑफिसातला पंखा जरा मंद झाला तरी मी काहीतरी निमित्त काढून कारखान्यात फोन करायचे, “तुमच्याकडे लाईट आहे ना?” तिकडचा सुपरवायझर एकदा हसून म्हणाला, “मॅडम, तुम्ही वीज मंडळात लागल्या का?”

आठ दिवस असे गेले. माझं जेवण तुटलं. सकाळी आरशात केस विंचरताना हात थांबायचा आणि मनात यायचं, आज तो काय करत असेल? त्याचं नाव मला चौकशीच्या कागदावरून कळलं होतं. घरी बायको, दोन मुली, असंही कुणीतरी म्हणालं. ते ऐकू येऊ नये म्हणून मी जागेवरून उठले होते.

नवव्या दिवशी जुन्या थोरलीची छापील प्रत पिशवीत घालून मी देवळालीची बस धरली.

काकांना मी सांगितलं की पिना मऊ निघाल्या, लाईट जाऊन आल्यावर, तीन नंबरला. त्यांनी मला पूर्ण बोलूही दिलं नाही. कागदांचा गठ्ठा हातात घेतला, मागून पंचवीस-तीस पानं उलटली आणि बोट ठेवलं.

“इथे बघ. आधी मर्यादा, मग लाईटची वाढ. पिनांसारखा पातळ जॉब जास्त वेळ भट्टीत राहू नये म्हणून मर्यादा. पण लाईट गेली की भट्टी थंड होते, म्हणून मर्यादा लावून झाल्यावर वरून जास्तीची मिनिटं द्यायची. हा क्रम मुद्दाम आहे. तू काय केलंस?”

मी सगळ्या वाढी एकत्र केल्या होत्या आणि सगळ्या मर्यादा त्यांच्यानंतर लावल्या होत्या. म्हणजे आधी वाढ, मग मर्यादा. लाईटसाठी वाढवलेली मिनिटं मर्यादा पुन्हा कापून टाकत होती. ज्या महिन्याच्या नोंदीवर मी तपासलं होतं त्या महिन्यात पिनांचा लॉट आत असताना लाईट गेलीच नव्हती.

“सुरुवातीला माझंही हेच चुकलं होतं,” काका म्हणाले. “अशाच पिना मऊ निघाल्या होत्या. मग मी क्रम बदलला.”

“मग ते तिथे लिहून का नाही ठेवलंत?” मी ओरडले. त्यांच्यावर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. “एक ओळ! की हा क्रम बदलू नका म्हणून. सोळाशे ओळींत एक ओळ लिहिता आली नाही तुम्हाला?”

काकू आतून दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

“लिहायला हवं होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी आहेच ना.”

मी रडायला लागले. त्यांनी कागद नीट लावून ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “भट्टीवर कोण होतं? त्याचं काय झालं?”

“सस्पेंड केलंय.”

“त्याने कुणाला विचारलं नाही? मी तर सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, शंका आली की आधी फोन करा, मगच दार उघडा.”

“विचारलं होतं,” मी म्हणाले. “मलाच.” आणि मग सगळं सांगितलं. कॉल पुसल्याचंसुद्धा.

ते माझ्याकडे बघत राहिले नाहीत, याचं मला बरं वाटलं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “मग बेटा, तू इथे काय करते आहेस? सातपूरला जा.”

मी आधी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोक्याला हात लावून म्हणाले, “क्रम दुरुस्त कर. आजच बसवू. पुढच्या अपडेटमध्ये गेलं म्हणून कळवू. कुणाला काही बोलायची गरज नाही.”

“आणि तो माणूस?”

“चौकशी संपली की घेतील त्याला परत. घेतातच.”

“नाही घेतलं तर?”

“तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून इथल्या आठ जणांचं काय करायचं ते सांग मला,” ते म्हणाले. “तू चुकलीस हे मी कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. तू फक्त गप्प बस.”

त्यांचं चुकत होतं असं मला ठामपणे म्हणता येत नव्हतं. बाहेर आठ जण बसले होते. एकीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. मी दुरुस्ती केली. दोन ओळींची होती. ती त्याच संध्याकाळी कारखान्यात बसली, आणि निदान लाईट जाण्याची भीती संपली. मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता सातपूरला गेले.

कारखान्याच्या मॅनेजरांनी मला खुर्ची दिली. मी सरळ सांगितलं, फोन आला होता, तो मी घेतला होता, माल काढा असं मीच म्हणाले, आणि चूक प्रोग्राममध्ये होती, ती मी केली. त्यांना पटेना. त्यांनी फाइल काढून आमचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. “पण मॅडम, हे तर सगळं हिरवं आहे. आमच्याच लोकांनी पास केलंय.”

“फंक्शनं छोटी आहेत एवढंच त्यात दिसतं,” मी म्हणाले. “बरोबर आहेत का, ते त्यात नाही.”

“मग हे मोजता कशाला?”

मी कागद मागितला. त्यावर सगळं लिहून, सही करून दिलं.

त्या ऑपरेटरचं सस्पेन्शन मागे घेतलं. पण त्याला परत भट्टीवर ठेवलं नाही, पॅकिंगला टाकलं. आमचं काम काढून घेतलं. नवं सॉफ्टवेअर यायला दोन महिने लागणार होते, तोवर जुनं चालवून द्यायचं होतं. सर माझ्याशी बोलेनासे झाले. बोललेच तर “हे आजच्या आज कर” एवढंच. सहा महिन्यांपूर्वी चालून आलेली बंगळूरची नोकरी आमच्या ऑफिससाठी नाकारलेली एक मुलगी माझ्यासमोर बसायची. तिने डबा घेऊन दुसरं टेबल धरलं. मी तिला दोष देत नाही. वर्ष संपायच्या आत ऑफिस बंद झालं. खालचं मिठाईचं दुकान आता वरपर्यंत वाढलंय.

ते दोन महिने मी रोज सातपूरला गेले. सरांनीच मला तिकडे पाठवलं, बहुधा ऑफिसात माझं तोंड नको म्हणून. मॅनेजरांची परवानगी काढून मी सुभेदार काकांनाही बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते अकरा दिवस आले. शेडमध्ये भट्टीपाशी खुर्ची टाकून बसायचे, रुमालाने मान पुसायचे, आणि आम्ही छापील थोरलीतला एकेक जर घेऊन ऑपरेटरांशी बोलायचो. हा का? हा अजून लागतो का? मी वहीत लिहून घ्यायचे. पुष्कळसे जर नुसते काढून टाकता आले असते. तीन असे निघाले की ते का घातलेत हे काकांनाच सांगता येईना. तिसऱ्याच्या वेळी ते फार अस्वस्थ झाले. पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत राहिले. “मीच लिहिलंय ना हे?” असं त्यांनी मला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

नव्या सॉफ्टवेअरची माणसं आली तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांतल्या एकाने चार पानं चाळली, “थँक यू मॅडम, आमची सिस्टिम पूर्ण वेगळी आहे,” म्हणाला आणि पासवर्ड लिहून घेतले.

पॅकिंग खात्यातल्या त्या माणसाला भेटायचं मी टाळत होते. शेवटच्या आठवड्यात तोच कँटीनबाहेरच्या नळावर भेटला. बारकासा, चाळिशीच्या आतबाहेरचा, त्र्यंबक रस्त्यावरच्या कुठल्याशा गावचा. हात धुताना माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्हीच ना मॅडम, फोनवाल्या?”

“हो,” मी म्हणाले. “माझ्यामुळे तुम्हाला खूप त्रास झाला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

तो काही वेळ हात धूतच राहिला.

“मॅडम, मी घरी सांगायचो, मी फोन केला व्हता म्हणून. बायको म्हणायची, केला व्हता तर ती बाई नाय कशी म्हणती? एवढी शिकलेली बाई खोटं कशाला बोलंल? पहिले दोन-चार दिवस मी भांडलो तिच्यासंगं. मग मलाबी वाटाय लागलं, नसंल केला. माझ्या फोनमधी बघितलं तर नंबर दिसना. कंपनीच्या फोनवरून केल्ता ना मी. मंग म्हटलं, दार बी मीच उघडलं असंल लवकर. घरात बसून बसून डोकंच चालंना. चौकशीवाल्यांना मी सांगणार व्हतो, लिहून घ्या, माझीच चूक.”

“सांगितलं नाही ना?”

“सांगाया निघालो व्हतो. त्याच दिवशी फोन आला, कामावर या म्हणून.”

त्याने हात झटकले, पँटीला पुसले.

“तुम्हाला पुन्हा भट्टीवर घ्यावं म्हणून मी मॅनेजरांशी बोलू का?” मी विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “पॅकिंग बरं हाय. तिथं स्क्रीन नाय.”

एवढं बोलून तो आत गेला. मी संध्याकाळपर्यंत तिथेच काम केलं. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. शनिवारी आमचा प्रोग्राम बंद केला.